धोंडा लागला तरी लेकरं गप्प का? मुक्ता साळवे ते मोबाईल

वस्तीतल्या विहारात आम्ही काही वर्षांपासून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मागच्या वर्षी एप्रिलनंतर आठवीतली एक मुलगी यायची बंद झाली. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. चौकशी केली तेव्हा घरचे म्हणाले, ऊन फार आहे, डोकं दुखतं तिचं. आम्ही मान डोलावून परत आलो. खरं कारण तीन आठवड्यांनी कळलं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून काढलेला तिचा फोटो कुणीतरी उचलला, त्यावर जातीवाचक शिवी लिहिली, त्याचं स्टिकर केलं आणि शिकवणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडून दिलं. मग ते फिरत राहिलं. कुणी हसणारे चेहरे टाकले, कुणी त्यावर आणखी एक स्टिकर रचलं. ग्रुपवर चाळीसेक मुलं होती. 'हे काढ' असं एकानेही लिहिलं नाही.

वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी मुलीच्या थोबाडीत मारली आणि फोन भिंतीवर आपटला. आम्हाला बोलावणं आलं. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, बालहक्कांवर कार्यशाळा घेत फिरणारे आम्ही, आम्ही तरी काय सल्ला दिला? "काही दिवस तिला फोनपासून लांबच ठेवा." मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तीन आठवडे का बोलली नाहीस, असं आईने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सांगितलं असतं तर फोन गेला असता." आणि फोन गेलाच होता. आता तर आमच्या संमतीने गेला होता.

मित्रांनो, हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहोत. मुलांची ऑनलाइन सुरक्षा हा विषय सध्या जिथे तिथे चघळला जातो. पण आपल्या समाजात लेकरू संकट लपवतं का, याचा स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो समजल्याशिवाय 'पासवर्ड कसा ठेवावा' छापाच्या सूचनांना काही अर्थ नाही.

या इतिहासाचं पहिलं पान एका मुलीनेच लिहिलं आहे. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. व्यासपीठावरून आपण हा निबंध आठवतो तो धर्माबद्दलच्या तिच्या जळजळीत सवालासाठी. त्यातल्या एका लहानशा निरीक्षणाकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. ती सांगते की ब्राह्मण वगैरे वरच्या जातींच्या मुलांनी धोंडा मारून मांग-महारांच्या पोरांचं रक्त काढलं तरी ही पोरं तक्रार करत नाहीत. कारण? उष्टं मागायला उद्या त्याच दारात उभं राहायचं असतं.

जेमतेम किशोरवयातल्या मुलीने केलेलं हे विश्लेषण आमच्या एम.ए.च्या दोन वर्षांत आम्हाला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नाही. पोरं भित्री आहेत म्हणून गप्प आहेत, असं मुक्ता म्हणत नाही. त्यांची भाकरी मारणाऱ्याच्या हातात आहे, म्हणून ती गप्प आहेत. ज्याच्यावर लेकरू अवलंबून असतं, ती वस्तू किंवा तो माणूस जाईल या भीतीने ते जखम झाकतं. १८५५ मध्ये ती वस्तू उष्टी भाकर होती. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीसाठी ती फोन होती, कारण तिची शिष्यवृत्तीची माहिती, गणिताचे व्हिडिओ, मैत्रिणी, सगळं त्या पाच-सहा इंचांत होतं. फरक एकच, आणि तो आपल्याला लाज आणणारा आहे. मुक्ताच्या काळात भाकर हिसकावणारा वरच्या जातीचा होता. फोन हिसकावणारे तिचे वडील होते आणि मान डोलावणारे आम्ही.

'मारल्याशिवाय पोरं वळणावर येत नाहीत' हे वाक्य आपल्या वस्त्यांत आजही सर्रास ऐकू येतं. ते आपल्या चळवळीचं वाक्य नाही. गावगाड्यात ज्याला दिवसभर खाली मान घालायला लावली, त्याने रात्री घरात बायको-पोरांवर हात उगारला. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये दाखवून दिलं आहे की गुलामाच्या घरातही गुलाम असतो. त्या स्वतः नवऱ्याच्या धाकाने आपलं लिखाण तब्बल वीसेक वर्षं लपवून ठेवत होत्या, हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलं आहे. फळीवर, अडगळीत लपवलेली ती वही आणि आजच्या मुलीने उशीखाली लपवलेला फोन यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. ज्या घरात मार असतो, तिथे चांगली गोष्टही लपवावी लागते आणि वाईटही.

आता सुभेदार रामजींकडे येऊ. आपल्याकडे त्यांची प्रतिमा आदर्श पित्याची आहे आणि ती खोटी नाही. पण बाबासाहेबांनी स्वतः रंगवलेले रामजी यापेक्षा जास्त खरे आणि जास्त उपयोगाचे आहेत.

१९०१ सालचा प्रसंग घ्या. आई वारली होती, रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते आणि मुलं साताऱ्याला आत्याजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायचं ठरलं. नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या आल्या, मुलं हरखून आगगाडीत बसली. मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कुणीच नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला आणि जात कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडं घेऊनही गाडीत सोबत बसायला तयार होईनात. शेवटी एकजण तयार झाला तो या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. डब्यात जेवण होतं पण पाणी मिळालं नाही. रात्र उपाशी आणि तहानलेली गेली. जकातनाक्यावर भीमरावांनी आपण मुसलमान आहोत असंही सांगून पाहिलं, तरी पाणी नाही ते नाहीच. भीमराव तेव्हा नऊ वर्षांचे होते.

असं का झालं? वडील निष्काळजी होते म्हणून नाही. मुलांनी पाठवलेलं पत्र आलं होतं. नोकर ते रामजींच्या हातात द्यायला विसरला. एक निरोप पोहोचला नाही आणि लेकरं जातीच्या जंगलात एकटी सापडली.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेची कथा म्हणून वाचतो आणि तसाच वाचला पाहिजे. पण पालक म्हणूनही तो वाचून पाहा. नवे कपडे घालून, आनंदाने, जगाने आपल्याला माणूस म्हणून वागवावं अशी अपेक्षा धरून निघालेली मुलं. वाट अनोळखी. मधला एक दुवा तुटलेला. आपलं लेकरू पहिल्यांदा इन्स्टाग्रामवर खातं उघडतं तेव्हा ते याच मसूर स्टेशनवर उतरत असतं. निळा फेटा बांधलेला फोटो म्हणजे त्या जरीच्या टोप्या. समोरचा आधी 'किती छान' म्हणतो आणि आडनाव कळताच त्याचा चेहरा पालटतो. तेव्हा लेकराचा निरोप आपल्यापर्यंत पोहोचतो की नाही, एवढाच सवाल उरतो.

मसूरच्या अनुभवानंतर रामजींनी पोरांचा प्रवास बंद केला नाही. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली, त्यातच चूल, त्यातच सामान, त्यातच माणसं. भीमरावांना अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून रामजींनी वेळेची वाटणी केली. मुलाला लवकर झोपवायचं, स्वतः जागं राहायचं, रात्री दोनला त्याला उठवून दिव्यापाशी बसवायचं आणि मग आपण पाठ टेकायची. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींच्या दारी जायचं, त्यांचे दागिने गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे. खोली एक, दिवा एक, पण त्यावर कुणाचा हक्क कधी, हे ठरवलेलं होतं आणि मूल जागं असताना बाप घरातच होता.

आजचे पालकत्वाचे सल्ले आम्हाला इथे तोकडे वाटतात. 'सकारात्मक पालकत्व' या नावाखाली जे शिकवलं जातं त्याचं मूळ आल्फ्रेड अ‍ॅडलर या मानसशास्त्रज्ञापर्यंत जातं. त्याने १९२०च्या दशकात व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं चालवली. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेत जेन नेल्सन यांचं 'पॉझिटिव्ह डिसिप्लिन' आलं. न मारता, न अपमान करता, पण ठामपणे वाढवावं, हे सांगणं चुकीचं मुळीच नाही. अडचण अशी की आपल्याकडे ते सांगणारा व्याख्याता गृहीत धरतो की मुलाला वेगळी खोली आहे, स्वतःचा फोन आहे आणि आई संध्याकाळी पाचला घरी असते. 'रात्री नऊनंतर फोन नको' हा नियम आम्हीही एकदा वस्तीत सांगून बसलो. एक आई म्हणाली, "दादा, फोन यांच्यासोबत कामावर जातो, येतोच रात्री नऊला. मग पोरानं अभ्यास कधी करायचा?" त्या दिवसापासून आम्ही 'स्क्रीन टाइम' हा शब्द वापरणं सोडलं. एका फोनच्या घराला डबक चाळीतली वाटणी जास्त लागू पडते.

आणि फोन नसणं म्हणजे सुरक्षित असणं, असंही नाही. जून २०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात नववीतल्या एका दलित मुलीने जीव दिला. घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही, ऑनलाइन वर्ग बुडत होते, ही बातमी तेव्हा देशभर गाजली होती. शाळेच्या दाराबाहेर बसवणं आणि वर्गाच्या लिंकबाहेर ठेवणं, दोन्हींचा परिणाम लेकराच्या मनावर सारखाच होतो.

रामजींबद्दलची तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली होती, जी पहिल्या आवृत्तीत आली नाही. तीत ते वडिलांच्या कडक शिस्तीबद्दल मोकळेपणाने लिहितात, प्राचीन रोममधल्या सर्वाधिकारी कुटुंबप्रमुखाशी त्यांची तुलना करतात. भीमराव इंग्रजी चौथी पास झाले म्हणून वस्तीला सत्कार करायचा होता, तर रामजींनी साफ नकार दिला, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. शेवटी दादा केळुस्करांनी मध्यस्थी केली तेव्हा सभा झाली आणि त्यात केळुस्करांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं. म्हणजे रामजी काही आजच्या पुस्तकातले 'सकारात्मक पालक' नव्हते.

घरात रामायण-महाभारताचं वाचन सक्तीचं होतं. एकदा भीमरावांनी विचारलं, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता पानोपानी सांगितली आहे, ते आम्ही का वाचायचे? रामजींनी झिडकारलं. असले प्रश्न विचारू नयेत, सांगितलं ते करावं. आपल्यातल्या किती जणांचं बालपण या उत्तरावर संपलं असेल! पण भीमरावांनी काही दिवसांनी पुन्हा विचारलं आणि या वेळी रामजींनी उत्तर दिलं. आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड घर करेल, या कथांमधली लहान कुळातून वर आलेली माणसं पाहून तो जाईल, म्हणून वाचायला लावतो.

जाता जाता एक गोष्ट. न्यूनगंडासाठी बाबासाहेबांनी जो इंग्रजी शब्द वापरला आहे तो प्रचारात आला अ‍ॅडलरमुळे, रामजींच्या निधनानंतर. म्हणजे शब्द मुलाचा आहे, पण काळजी बापाची. वरच्या व्याख्यात्यांना ज्याचं नावही ठाऊक नसतं असा एक निवृत्त महार सुभेदार, शतकाच्या सुरुवातीला, आपल्या लेकराच्या मनाचं काय होईल याचा विचार करत होता.

भीमरावांना ते उत्तर पटलं नाही. द्रोण, भीष्म, कृष्ण, राम, एकेकाच्या वागण्यावर त्यांनी बोट ठेवलं. रामजी गप्प राहिले. घरात बंड झालं आहे हे त्यांना कळलं आणि त्यांनी त्या बंडावर हात उगारला नाही. बाबासाहेब सांगतात की या अस्वस्थतेतूनच ते केळुस्करांनी दिलेल्या पुस्तकासह बुद्धाकडे वळले. रामजींचं उत्तर चुकीचं होतं असं आमचं स्पष्ट मत आहे, द्रोणाचार्य वाचून कुठल्या एकलव्याचा न्यूनगंड जाईल? पण त्यांनी उत्तर दिलं. पहिल्यांदा झिडकारून दुसऱ्यांदा दिलं, आणि मुलगा पटत नाही म्हणाला तेव्हा ऐकून घेतलं. पालकाचं चुकीचं उत्तर लेकरू दुरुस्त करू शकतं. दार बंद असेल तर दुरुस्त करायलाही काही उरत नाही.

१९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्यावर बाबासाहेबांनी वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आईबाप फक्त जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही जुनी समजूत टाकून द्या, मुलांच्या आयुष्याला वळण देणं पालकांच्या हातात आहे, असं ते लिहितात आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवा म्हणून सांगतात. हे लिहिणारा बावीस वर्षांचा तरुण होता. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत, हजारो बायांसमोर, ते आयांना सांगतात की मुलांच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरा आणि न्यूनगंड काढून टाका. पुन्हा तोच शब्द! चाळीस वर्षांपूर्वी बापाने दिलेलं उत्तर त्यांना पटलं नव्हतं, पण बापाची काळजी त्यांनी सोडली नव्हती. पुराणातल्या नायकांच्या जागी त्यांनी शिक्षण ठेवलं एवढंच. त्याच भाषणात मुलींच्या लग्नाची घाई करू नका असंही ते बजावतात. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीच्या घरी फोन फुटल्यानंतर महिन्याभरात आत्याने एक 'स्थळ' सुचवलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

मुलीच्या हातातल्या फोनवर बंदी ही कुणाची परंपरा आहे तेही पाहू. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या काही गावांनी अविवाहित मुलींना मोबाईल वापरायला बंदी घातली. हेतू उघड होता. मुलीने जातीबाहेर बोलू नये. स्त्रीने कधीच स्वतंत्र राहू नये हे सांगणारा मनूचा ग्रंथ आपण १९२७ मध्ये महाडला जाळला. तेव्हा आपल्या वस्तीतला बाप काळजीपोटी का होईना, फक्त मुलीचाच फोन काढून घेतो आणि मुलाचा ठेवतो, तेव्हा तो नकळत कुणाच्या ओळीत जाऊन उभा राहतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

मग धम्म काय सांगतो? पंचशील म्हणायला लावणं म्हणजे संस्कार, असं आपल्याकडे समजलं जातं. आम्ही पालकांना त्याऐवजी राहुलाची गोष्ट सांगतो. मज्झिम निकायात अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. परंपरा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. बुद्ध भांड्यात थोडंसं पाणी ठेवून त्याला दाखवतात, मग ते ओतून देतात, मग भांडं पालथं करतात आणि जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याच्या पदरी काय उरतं ते त्या रिकाम्या भांड्यावरून समजावतात. मग विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणतो. तसंच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहत जा. यातून मला इजा होते का, दुसऱ्याला होते का, दोघांना होते का.

फॉरवर्ड करण्याआधी थांबून विचार करायला शिकवायचं असेल तर यापेक्षा सोपा धडा नाही, हे खरंच. पण आम्हाला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. हातून वाईट घडलंच असेल तर काय? बुद्ध राहुलाला शिक्षा सांगत नाहीत. गुरूला किंवा जाणत्या सोबत्याला ते उघड करून सांग आणि पुढे जप, एवढंच सांगतात. चुकल्यावर लेकराने जावं कुठे, याचं उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवलं आहे. सम्राट अशोकाला हा उपदेश इतका महत्त्वाचा वाटला की राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात, भिक्षू आणि उपासकांनी पुन्हा पुन्हा ऐकावेत अशा धम्मग्रंथांत त्याने राहुलाला केलेल्या उपदेशाचं नाव कोरून ठेवलं.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळतो, कारण बोटं फक्त बापांकडे दाखवून भागणार नाही. आपण कार्यकर्ते काय करतो? जयंतीला सहा वर्षांच्या मुलाला सूटबूट, चष्मा घालून भाषण करायला लावतो, व्हिडिओ सार्वजनिक पानावर टाकतो आणि लाखभर लोकांनी पाहिला म्हणून खूश होतो. त्याखालच्या कमेंट कोण वाचतं? वर्षभराने वाचायला येऊ लागल्यावर तोच मुलगा वाचतो. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून झालेल्या वादातून एका दलित तरुणाची हत्या झाली, हे आपण विसरलो नाही. फोनमधला आपला अभिमानही काहींना सहन होत नाही. म्हणून अभिमान लपवा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. लेकराला मंचावर चढवून आपण खाली उतरून निघून जातो, आमची तक्रार त्याबद्दल आहे.

दुसरी सवय याहून वाईट. कुठे लहान मुलीवर अत्याचार झाला की तिचा फोटो आणि नाव लावून 'न्याय द्या'ची पोस्टरं आपणच फिरवतो. पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. कठुआ प्रकरणात २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. आपली तळमळ खरी असली तरी कायदा आणि त्या मुलीचं पुढचं आयुष्य तळमळ मोजत नाहीत.

कायद्याचं बोलायला लागलोच आहोत तर कामाच्या चार गोष्टी इथेच सांगतो. जातीवाचक अपमान ऑनलाइन झाला तरी तो लोकांसमक्षच झालेला असतो, ही भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यूट्यूबवरच्या एका मुलाखतीच्या प्रकरणात घेतली, तेव्हा 'नेटवर अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही' असं ठाण्यात सांगितलं तर ते निमूट ऐकून येऊ नका. पुरावा म्हणून तारीख, वेळ, नंबर आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्या, ब्लॉक नंतर करा. पण मजकूर मुलाच्या लैंगिक शोषणाचा असेल तर तो 'पुरावा' म्हणून एकमेकांना पाठवत बसू नका. असा मजकूर बाळगणं आणि पाहणं याबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये फार कडक निकाल दिला आहे. थेट पोलिसांकडे किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर कळवा. अठरा वर्षांखालच्या मुलाचा नग्न फोटो नेटवर फिरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, तिथे फोटो न पाठवता फक्त त्याचा डिजिटल ठसा नोंदवता येतो. मुलांसाठी १०९८ आणि पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हे नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. पोक्सोत जबाब नोंदवायला मुलाला ठाण्यातच यावं लागतं असं नाही. घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय तो घ्यायचा असतो. हे माहीत असलेला एक माणूस सोबत असला की ठाण्यातली भाषा बदलते, हा आमचा अनुभव आहे.

'सरळ बंदीच घाला' असं म्हणणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण हल्ली दिलं जातं. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. हा कायदा योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत, आमच्यातही आहेत. पण त्यात दंड आहे तो कंपन्यांना, मुलांना किंवा आईबापांना नाही. बंदीचे आपल्याकडचे समर्थक हा भाग सोडून सांगतात.

त्या मुलीचं पुढे काय झालं? आम्ही आठवड्याने पुन्हा त्यांच्या घरी गेलो. आधी आमचा सल्ला चुकला होता हे तिच्या समोर, तिच्या वडिलांसमोर सांगितलं. ते सोपं गेलं नाही. वडील रात्रपाळीला सुरक्षारक्षक आहेत, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "मग काय करायचं होतं आम्ही? आमच्या शाळेत आम्हाला छडीसुद्धा लांबून फेकून मारायचे. घरी सांगितलं तर घरी पुन्हा मार. आम्हाला कुणी शिकवलं हे?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

स्टिकर करणारा शोधला तर तो पंधरा वर्षांचा निघाला. आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं, गुन्हा नोंदवायलाच हवा, नाहीतर हे थांबत नाही. काहींचं म्हणणं, तोही मूलच आहे, बाल न्याय मंडळापुढे जाईल, आणि हे त्याला त्याच्या घरातून मिळालेलं विष आहे. शेवटी कुणीतरी म्हणालं, तिला विचारलंय का? नव्हतं विचारलं. आम्ही पुन्हा एकदा तिच्याशिवाय तिच्याबद्दल ठरवत होतो. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्याने त्याच ग्रुपवर लिहावं की हे मी केलं आणि हे चूक आहे. मग मी ठरवते. तक्रारीचा अर्ज लिहून तयार ठेवला, त्याची प्रत त्याच्या पालकांना दाखवली. दोन बैठका झाल्या, दुसरी बरीच तापली. मुलाने ग्रुपवर लिहिलं. एक ओळ, तीही आखडती. तिने अर्ज दिला नाही, फाडलाही नाही. तो तिच्या गणिताच्या वहीत आहे.

अभ्यासिकेत ती आता येते. फोन दुरुस्त होऊन आला, काचेवर अजून एक तडा आहे. परवाच्या रविवारी वंदना झाल्यावर तिचे वडील मागे थांबले. आम्हाला वाटलं, काही काम असेल. ते मुलीशेजारी सतरंजीवर बसले, खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरून म्हणाले, "हे स्टिकर कसं करतात, ते दाखव मला."